इर्जिकेचं जेवण कोणाच्या खात्यातून?

इर्जिक हा शब्द आता बऱ्याच वाचकांना फोड करून सांगावा लागतो. एखाद्याकडे रान जास्त, बैल कमी आणि वापसा तर हातचा निघून चाललेला. अशा वेळी गावातली औतं एकाच दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि दिवस मावळायच्या आत नांगरट उरकून देतात. मजुरी कोणी घेत नाही. जेवण मात्र यजमानाचं, आणि ते हात आखडून करून चालत नाही. आरोग्य, अन्न आणि त्यासाठी लागणारा पैसा या तिन्ही बाबतींत सामाजिक संस्थांनी असंच एकत्र काम करावं, असं हल्ली प्रत्येक परिषदेत ऐकू येतं. औतं किती, बैल कोणाचे, रान कोणाचं यावर तासन्‌तास चर्चा होते. जेवणाचा विषय निघत नाही. माझं सगळं म्हणणं त्या जेवणाबद्दल आहे.

१. एका संस्थेचा आकडा बाजूला सारता येतो, तेरा संस्थांचा सारता येत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. गावातलीच थोडं शिकलेली बाई बाळाचं वजन करते, श्वास मोजते, जंतुसंसर्ग ओळखते आणि उपचारही करते. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जगात नाव झालं. तरीही ‘गडचिरोलीचं ते गडचिरोलीपुरतं’ असं म्हणायला मुंबईत वाव होताच.

तो वाव संपला २००१ साली. बालमृत्यूंचा अभ्यास आणि त्यावर कृती करण्यासाठी राज्यातल्या तेरा संस्थांनी गट केला होता. प्रत्येकीने आपापल्या भागातले जन्म आणि बालमृत्यू एकाच पद्धतीने नोंदवले आणि ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल काढला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मुलं दगावत असावीत, असा अंदाज त्यात होता. सरकारी दप्तरात यातली फार थोडी नोंदली जात होती. अहवालाने खळबळ उडाली आणि पुढे राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

मृत्यू नोंदवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. बाळंतीण कोपऱ्यात पडून आहे, घरात कोणी बोलत नाही, आणि तुम्ही वही उघडून विचारायचं की बाळ रडलं होतं का. जन्मल्यावर एकदा रडून गेलेलं मूल ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून नोंदलं की बालमृत्यूचा आकडा आपोआप कमी होतो. तेरा ठिकाणी एकच व्याख्या पाळायची तर तेरा ठिकाणच्या माणसांना एकत्र बसवून शिकवावं लागतं, वह्या तपासाव्या लागतात, शंका आली तर कोणाला तरी पुन्हा एसटीने त्या गावी पाठवावं लागतं. अहवालाच्या मुखपृष्ठावर यातलं काही दिसत नाही. पण जेवण म्हणतो ते हेच.

२. पद्धत एका गावाहून दुसऱ्या गावी आपोआप जात नाही, ती पोचवावी लागते.

‘सर्च’ची हीच पद्धत २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या खेड्यांत आणि शहरी वस्त्यांत राबवली. मूळ संस्था सोडून इतरांना जमेल का, हाच प्रश्न होता. जमलं, नवजात मृत्युदर साधारण निम्म्यावर आला. पुढे २०११ पासून घरभेटींचं हे काम देशभरातल्या ‘आशा’ स्वयंसेविकांकडे गेलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये. भेटींचा दर ठरला. आशाताईला शिकवणारी, तिच्याबरोबर चार घरं फिरणारी, चुकलं तर न ओरडता सांगणारी माणसं मूळ प्रयोगाच्या केंद्रस्थानी होती. देशभर पसरताना सगळ्यात पातळ झालं ते हेच.

३. मूल एक, खाती चार.

लसीकरण आरोग्य खात्याचं, अंगणवाडी महिला व बालविकासची, धान्य पुरवठा खात्याचं, आणि आई आदिवासी असेल तर अमृत आहार आदिवासी विकासाचा. कमी वजनाचं मूल आरोग्य उपकेंद्राच्या एका यादीत असतं, अंगणवाडीच्या दुसऱ्या. आणि दोन्ही याद्यांतली नावं जुळतीलच असं नाही.

राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली औरंगाबादेत सुरू झालं ते याच दुखण्यावर. मराठवाड्यात आधी प्रशासनाने केलेल्या प्रयोगातून ते निघालं आणि व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे पहिले महासंचालक होते. मिशनने स्वतःचा वेगळा आहार वाटला नाही, दवाखाने काढले नाहीत. दोन खात्यांना एकाच मुलाकडे पाहायला लावणं, मूल पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतच्या काळावर लक्ष धरणं, वजनाचे खरे आकडे लिहिणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही हे पाहणं, असं त्याचं काम. कार्यालय छोटं, आणि त्याला युनिसेफचा हातभार. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात २३ टक्क्यांच्या आसपास आलं. सगळं श्रेय मिशनला देणं बरोबर नाही. त्या वर्षांत घराघरांतलं उत्पन्न वाढलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पण दोन खात्यांमधली फट बुजवण्यासाठी पगारी माणसं नेमलेली असली तर काय होतं, याचा एवढा चांगला दाखला आपल्याकडे दुसरा नाही.

पुढे काय झालं तेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं राज्यातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२. गाडं रुतलं आहे.

४. पदरमोडीवर एक पिढी चालते.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. बँकेच्या वहीत कर्जाची रक्कम आहे, व्याज आहे, परतफेड आहे. चाळीचाळींतून फिरून गट बांधणं, अर्ज भरणं, अंगठा देणारीला बँकेत नेऊन बसवणं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. ते कार्यकर्त्यांनी केलं. त्या पिढीच्या मागे चळवळ होती, घरभाडं कमी होतं. आज तीस वर्षांच्या समाजकार्य पदवीधराकडून तीच अपेक्षा धरणारे लोक स्वतःच्या मुलाला या क्षेत्रात पाठवत नाहीत.

५. जिथे जेवणाचे पैसे आधी बाजूला काढले, तिथे काम टिकलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि गावठी वाणांची बियाणे बँक घराघरांत पोचली. राहीबाईंचं कर्तृत्व मोठं आहेच. त्यांच्यामागे ‘बायफ’सारखी संस्था होती, आणि तिच्यासारख्या अनेक संस्थांना जोडणारा महाराष्ट्र जनुक कोश हा कार्यक्रम होता. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पैसे दिले. पिकांची वाणं, देशी जनावरं, गोड्या पाण्यातले मासे, गवताळ रानं असे वेगवेगळे विषय वेगवेगळ्या जाणत्यांकडे, आणि त्यांना बांधून ठेवायला मध्ये एक यंत्रणा. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरता १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. बियाण्यासाठी आपल्याला हे सुचलं. पोषणासाठी जिल्हा पातळीवर का सुचत नाही?

६. कायद्याने एकत्र येणं महाग केलं.

हा मुद्दा रुक्ष आहे, पण खरी गोम इथे आहे.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तोवर एखादी मोठी संस्था परदेशी देणगी घेऊन तिचा वाटा गावपातळीवरच्या नोंदणीकृत छोट्या संस्थांना देऊ शकत होती. आता एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणंच बंद. प्रशासनखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरव्यवहार होत नव्हते असं मी म्हणणार नाही, पैसे फिरवण्यापुरत्या काढलेल्या संस्थाही होत्या. पण चार चोर पकडायला सगळ्या गावाचा रस्ताच खणून टाकला. जिची इंग्रजी चांगली, जिचा हिशेब चोख, अशा संस्थेने परदेशातून पैसा आणायचा आणि जिला वस्ती माहीत आहे तिने काम करायचं, ही वाटणीच गेली.

देशी पैशाचीही गत फार वेगळी नाही. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका धर्मादाय न्यासाने दुसऱ्याला शंभर रुपये दिले, तर प्राप्तिकराच्या हिशेबात पंच्याऐंशीच खर्च झाले असं धरलं जातं. एका हातातून दुसऱ्या हातात देताना पंधरा रुपयांचा प्रश्न उभा.

मग राहिला सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. दोन कंपन्यांनी मिळून प्रकल्प करायला नियमांची आडकाठी नाही, एकच प्रकल्प तीन-चार वर्षं चालवायलाही नाही. प्रशासनखर्चाची ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. पण टेबलापलीकडचा अधिकारी तीच ५ टक्क्यांची रेघ संस्थेच्या अंदाजपत्रकावर ओढतो, आणि अलीकडे बसलेले आपण, पैसे जातील या भीतीने, मान डोलावतो.

मीही डोलावली आहे. चार छोट्या संस्थांसाठी मी एकदा पोषणाचा एकत्रित प्रस्ताव लिहिला होता. त्यात एका समन्वयकाचा पगार, दर महिन्याच्या बैठकीचा प्रवासखर्च आणि चौघांना एकच नोंदवही असे तीन आकडे होते. देणगीदाराने परसबागांचे पैसे ठेवले, वजनकाटे वाढवून दिले आणि ते तिन्ही आकडे खोडले. ‘समन्वय तुम्ही आपसांत करालच की!’ परसबागा झाल्या. पहिल्या वर्षाअखेर चार संस्थांचे चार अहवाल गेले, चारांत कुपोषणाच्या चार व्याख्या. दुसऱ्या वर्षी आम्ही एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. बाकी संबंध राहिला नाही.

७. ‘एकत्र येऊन नुसत्या बैठकाच होतात’ हा आक्षेप खरा आहे.

निम्म्या वेळा तरी. देणगीदाराच्या आग्रहाखातर बांधलेल्या मोटेत मोठी संस्था ठेकेदार होते आणि छोट्या तिच्या मुकादमांसारख्या वागू लागतात. श्रेयावरून रुसवेफुगवे होतात, फलकावर कोणाचं बोधचिन्ह आधी यावर आठवडा जातो. सगळ्याच कामाला सहकाऱ्यांची गरज नसते. एक चांगला दवाखाना एकट्याने चालवता येतो. माझी कसोटी साधी आहे: एका संस्थेला जे मोजता येत नाही, किंवा एका खात्याला जे पुरं करता येत नाही, तेवढ्यासाठीच एकत्र यावं. आणि आपला आकडा वाईट निघाला तरी तो एकत्र छापायची तयारी आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचारावं. नसेल तर चहा पिऊन उठावं.

८. सरकारवर नजर ठेवायला सरकारनेच पैसे द्यावेत, हेही आपल्याकडे होऊन गेलं आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. ‘साथी’ ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक संघटना होत्या. गावकरी आरोग्य केंद्राला गुण देत, औषधं बाहेरून आणायला लावली तर जनसुनवाईत अधिकाऱ्यासमोर उभं राहून सांगत. समन्वयाचा खर्च अभियानाच्या निधीतून. म्हणजे ‘अशा खर्चाला शीर्षकच नाही’ हे उत्तर कोणी दिलं, तर ते मान्य करायचं कारण नाही.

९. तर मागायचं काय?

परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्याची वाट कडक हिशेबाच्या अटीवर पुन्हा उघडावी, हे दिल्लीला सांगायचं. न्यासान्यासांतल्या देणगीवरची पंधरा टक्क्यांची कात्री निदान आरोग्य आणि पोषणाच्या संयुक्त कामांपुरती काढावी, हेही दिल्लीलाच. दोन्हींना वेळ लागेल.

जवळचं काम दोघांकडून होऊ शकतं. एक, कंपन्या आणि देणगीदार: संयुक्त प्रस्तावात ‘समन्वय’ ही स्वतंत्र ओळ असावी आणि ती कापायची असेल तर कारण लेखी द्यावं. दुसरी, जिल्हा नियोजन समिती. तिच्या वार्षिक निधीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी काही हिस्सा राखलेला असतो. एका जिल्ह्यात आरोग्य, अंगणवाडी, रेशन आणि स्थानिक संस्था यांची मिळून एकच बालकयादी ठेवायची, तर दोन-तीन माणसांचा पगार आणि फिरण्याचा खर्च एवढंच लागतं. एका पुलाच्या कठड्याला याहून जास्त पैसे लागतात.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्यांत तुमच्या जिल्हा परिषदेतले, नगरपालिकेतले निवडून आलेले लोक असतात. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो. त्याआधी एका पानाचा अर्ज द्या, पोच घ्या आणि अर्जात समन्वयाची रक्कम आकड्यात लिहा.