न परतलेल्या रुग्णाचा रकाना

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत मानसिक आरोग्य हा विषय बहुधा शेवटी येतो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले आणि किती शिबिरे झाली, हे दोन आकडे वाचले जातात, अध्यक्ष 'ठीक' म्हणतात आणि फाईल मिटते. अशा बैठकांत मीही बसलो आहे; 'ठीक'ही म्हटले आहे. मागच्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात किती जण परतले नाहीत, आणि का, हा प्रश्न मात्र मी कधी विचारला नाही.

याबाबत छेडले असता ठरलेले उत्तर मिळते : मनोविकारतज्ज्ञ नाहीत. टंचाई खरी आहे; परंतु ती सबब होऊ शकत नाही. बंगळूरच्या निम्हान्सने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना प्रशिक्षण देऊन मनोविकारांचे उपचार गावापर्यंत नेले. गोव्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांना साहाय्य केले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा स्पष्ट लाभ दिसला, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. मार्ग सापडलेला आहे. आपण त्यावरून चालत नाही, एवढेच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबाचे महिन्याकाठी हजार ते दीड हजार रुपये खर्च होत होते. सरकारी गोळी फुकट असते, हे मान्य. पण ती आणण्यासाठी रुग्ण आणि सोबतचा माणूस, असे दोघे जातात. एसटीचे भाडे पडते आणि रोजंदारी बुडते. हातावर पोट असलेल्या घराला ही 'मोफत' सेवा परवडत नाही. असा रुग्ण गळाला की आपण कागदावर लिहितो : 'रुग्णाचे असहकार्य'. वस्तुतः असहकार्य आपले असते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याबाबत संदिग्ध नाही. सेवा घराजवळ मिळावी, कोणालाही त्यासाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस कार्ड असो वा नसो उपचार विनामूल्य मिळावेत, असे त्याचे अठरावे कलम सांगते. तरीही खिडकीवर पहिला प्रश्न कार्डाचाच असतो.

दुसरी भिंत भाषेची. ओडिशातील गंजामहून सुरतेला आलेल्या यंत्रमाग कामगाराच्या पत्नीची कल्पना करा. डॉक्टरांना तिची भाषा कळत नाही. मधे दुभाषा म्हणून तिचा दहा वर्षांचा मुलगा उभा. आईला मरावेसे वाटते, हे वाक्य त्याने कोणत्या तोंडाने उच्चारावे? परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. बँकेचा व्यवहार परभाषेत निभतो. मनातली भीती निभत नाही. २०२२ साली सुरू झालेली 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा अनेक भारतीय भाषांतून बोलते. दूरध्वनीवर जे साधते, ते वस्तीतल्या दवाखान्यात का साधू नये?

सेवा जवळ नसली की माणसे जे जवळ आहे त्याचा आधार घेतात. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत २८ मनोरुग्ण मरण पावले. ते साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांच्या नातलगांना निर्दय ठरवणे सोपे आहे. त्या घरांच्या जवळ तेव्हा दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्न अवघड आहे आणि तो प्रशासनाला उद्देशून आहे.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची. नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात, महिनाभराची एकदम मिळावीत. वस्तीची भाषा बोलणारी, तिथलीच प्रशिक्षित व्यक्ती मानधनावर नेमावी. आशाताईंच्या शिरावर आणखी एक फुकटचे ओझे नको. आणि आढाव्याच्या तक्त्यात न परतलेल्या रुग्णांचा रकाना असावा. तो रकाना भरायचा तर कोणाला तरी त्या घरापर्यंत जावे लागेल. सामुदायिक सेवेचा आरंभ तिथूनच होतो.