माफी स्वीकारायची की नाही, हे कोण ठरवणार?

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅनडातील मास्क्वासिस येथे जाऊन तिथल्या मूलनिवासींची माफी मागितली. जगभर कौतुक झाले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस व्हीलचेअरवर बसून आला, आणखी काय हवे, असेही विचारले गेले. त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे.

गुन्हा काय होता? सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बोलली की मार. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात. सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि पोपने वर्षभरात येऊन माफी मागावी, अशी मागणी केली. यायला सात वर्षे लागली. आल्यावर त्यांनी माफी मागितली ती अनेक ख्रिश्चनांनी केलेल्या दुष्कृत्यांची. मग ते घडवणारी संस्था कुठे गेली? चूक व्यक्तींची ठरली की संस्था सुटते. 'धर्म चांगला, काही माणसे वाईट' हे आम्ही इथेही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

आणि भरपाई? २००६ च्या समझोत्यात कॅथॉलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्यासाठी प्रयत्न करण्याचे मान्य केले होते. जमले चाळीस लाखांहूनही कमी. २०२१ मध्ये बिशपांना तीन कोटींचे नवे वचन द्यावे लागले.

याच कॅनडातले दुसरे उदाहरण आम्हाला अधिक शिकवते. १९८६ मध्ये तिथल्या युनायटेड चर्चने सडबरी येथे मूलनिवासींची माफी मागितली. मूलनिवासींनी दोन वर्षांनी उत्तर दिले: माफीची नोंद घेतो, स्वीकारत नाही. तिथे उभारलेला दगडांचा स्मृतिस्तंभ त्यांनी मुद्दाम अपुरा ठेवला. काम झाल्यावर बघू!

हाच स्वाभिमान आहे. बाबासाहेबांनीही सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली नाही, कायद्याने हक्क मागितले. सलोखा हवाच. पण जमीन, भाषा, शाळांची कागदपत्रे आणि पैसा परत न करता मागितलेला सलोखा म्हणजे पीडितांना दिलेला गप्प बसण्याचा आदेश. माफी मागणे गुन्हेगाराचे कर्तव्य आहे. ती पुरेशी झाली की नाही, हा निकाल मात्र पीडितांचाच!