पांढरी तीनचं दुःख

शोपँच्या ओपस २८ मधल्या चौथ्या प्रेल्यूडबद्दल कुठेही वाचा, तीन गोष्टी हमखास सापडतात. गती लार्गो, म्हणजे अगदी संथ. सूर ई मायनर. भाव दुःखाचा. आणि सांगण्याचा थाट असा, की पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या की तिसरी आपोआप निघते. संथ अधिक मायनर बरोबर दुःख. हे समीकरण मला मान्य नाही. आता ते कोडमध्ये शिरलंय, म्हणून तर मुळीच नाही.

स्पॉटिफायने प्रोग्रामरांसाठी खुल्या केलेल्या माहितीत प्रत्येक गाण्यापुढे असे रकाने होते: टेम्पो, की, शून्य ते अकरा, मोड, मेजर असेल तर एक आणि मायनर असेल तर शून्य, आणि गाणं किती 'आनंदी' आहे ते सांगणारा शून्य ते एकमधला एक आकडा. आपलं प्रेल्यूड झालं चार आणि शून्य. आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे रकाने द्या, तासाभरात तो 'सॅड' गाण्यांची यादी काढून देईल. काम सोपं आहे ना! उत्तर खरं आहे का, हे विचारायला रकाना नाही.

सोयगावात भजनाला बसलं की पेटीवाला आधी विचारतो, "बुवा, कितीत?" उत्तर येतं, काळी एक, नाहीतर पांढरी चार. हे नाव पेटीच्या पट्टीवरून आलंय आणि त्याचा संबंध बुवांच्या गळ्याशी आहे. आज घसा बसलाय, अर्ध्या सुराने खाली घ्या. अभंगाचा भाव तोच. या हिशेबाने शोपँचं प्रेल्यूड पांढरी तीनचं. तेच काळी दोनमध्ये वाजवलं तर ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचं दुःख कमी होईल?

यावर लोक शुबार्टचा दाखला देतात. या जर्मन संगीतकाराने प्रत्येक सुराचा स्वभाव लिहून ठेवला. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८०६ मध्ये छापलं गेलं. गंमत अशी, की त्याच्या लेखी ई मायनर म्हणजे पांढऱ्या पोशाखातली, छातीवर गुलाबी फीत लावलेली निरागस मुलगी. आणि याच ई मायनरमधलं हे प्रेल्यूड १८४९ मध्ये शोपँच्या अंत्यविधीला ऑर्गनवर वाजवलं गेलं. शिवाय सूर किती उंच धरायचा हे फ्रान्सने कायद्याने ठरवलं १८५९ मध्ये, म्हणजे शोपँ गेल्यावर दहा वर्षांनी. त्याचा 'ई' नेमका आपलाच 'ई' होता, असं कोण छातीठोक सांगणार?

सुराला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पियानोवर बोटं कुठे पडतात, काळ्या पट्ट्या कुठे येतात, याने हाताला फरक पडतो. शोपँ शिष्यांचा हात बसवायचा तो ई आणि पुढच्या काळ्या पट्ट्यांवर. पण तो हाताचा प्रश्न झाला, बुवांच्या गळ्यासारखाच.

मग दुःख येतं कुठून? ई ला सा धरून ऐका. उजवा हात प आणि कोमल ध यांत घुटमळतो: प, ध, प, पुन्हा ध. पहिले तीन बार तो जवळपास हलतच नाही. डावा हात तीन-तीन पट्ट्या एकत्र दाबत राहतो, आणि त्यातली कधी ही, कधी ती अर्ध्या सुराने खाली सरकते. वरचा माणूस जागेवर उभा आहे आणि त्याच्या पायाखालची जमीन इंचाइंचाने खचतेय. सगळा मिळून पंचवीस बारांचा मामला. 'सॅड' यादीतला कोणताही रकाना हे खचणं मोजत नाही.

गतीचंही तसंच. लार्गो लिहिलंय खरं, पण मोजायचं आहे बारात दोन मात्रांनी, चार नव्हे. तरी बरेच वादक चार मोजत ओढतात, कारण दुःखी म्हटलं की रेंगाळलंच पाहिजे. म्हणजे भावाची चिठ्ठी आधी चिकटली आणि गती तिच्यामागून आली. भजन संथ सुरू होतं ते रडायला नव्हे, मागच्या रांगेला चाल सापडावी म्हणून. दुगुन पुढे येतेच. शेवटी भैरवी, रे ग ध नी चारही कोमल. यंत्र तिला 'सॅड'मध्ये टाकेल, आणि इकडे लोक समाधानाने चपला शोधत असतात.

आपलेही काही कमी नाहीत. संगीत परीक्षांच्या गाइडमध्ये रागापुढे 'रस: करुण' असं छापलेलं असतं, पोरं पाठ करतात, मार्क मिळवतात. मारवा, पूरिया, सोहनी घ्या. तिघांत पंचम नाही, रे कोमल, म तीव्र, बाकी शुद्ध. सूर तेच. पण पूरिया खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वरच्या षड्जाभोवती झगमगते, आणि मारवा सा टाळत जिवाला घोर लावतो. फरक आहे तो कुठे थांबायचं, कुठून वळायचं यात.

हे प्रेल्यूड पेटीवर काढायला गेलं की पहिली अडचण येते ती डाव्या हाताची. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो. खचणारी जमीन वाजवायची तर भाता मारायला शेजारी दुसरा माणूस बसवावा लागेल.