नांव ठेवण्याचा अधिकार

आमच्या वृत्तपत्रांतून 'ब्रह्मदेश' हा शब्द हळूहळू मागें पडून त्याच्या जागीं 'म्यानमार' हा शब्द आतां कायमचा ठाण मांडून बसला आहे. हा बदल कां झाला असें विचारलें असतां दोन ठरीव उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो कीं, एखाद्या देशानें आपलें नांव बदललें म्हणजे इतरांनीं तें निमूटपणें स्वीकारावें, हाच शिष्टाचार होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें नांव लष्करशाहीनें लादलेलें असल्यामुळें लोकशाहीच्या कैवाऱ्यांनीं तें तोंडांतून काढूंच नये. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष भलत्याच ठिकाणीं भांडत आहेत. परक्या देशाला आपल्या भाषेंत काय म्हणावें, हा त्या भाषेचा घरगुती प्रश्न आहे. खरा प्रश्न त्या देशांत राहणाऱ्या माणसांचा आहे. त्यांना आपलें नांव आपण सांगण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, याविषयीं दोन्ही पक्ष सारखेच उदासीन दिसतात.

प्रथम हकीकत पाहूं. १९८८ सालीं ब्रह्मदेशांत लोकांचा मोठा उठाव झाला. तो चिरडून सप्टेंबर महिन्यांत लष्करानें राज्यकारभार हातीं घेतला आणि १८ जून १९८९ रोजीं एक कायदा करून देशाचें 'बर्मा' हें इंग्रजी नांव बदलून 'म्यानमार' असें केलें. त्याच ओघांत रंगूनचें यांगोन झालें व पेगूचें बागो झालें. संयुक्त राष्ट्रसंघानें हें नांव लगेच मान्य केलें. भारत सरकारहि तेंच वापरतें. अमेरिकेच्या सरकारानें मात्र 'बर्मा' सोडलें नाहीं. यावरून वाचकांचा असा समज होतो कीं, एक जुनें नांव गेलें आणि दुसरें नवें आलें. वस्तुतः तसें कांहींच घडलेलें नाहीं. ब्रह्मी भाषेंत 'म्यन्मा' आणि 'बमा' हीं एकाच शब्दाचीं दोन रूपें आहेत. पहिलें लिहिण्याचें व दरबारीं शोभणारें, दुसरें रोजच्या बोलण्यांतलें. बाराव्या शतकांतील शिलालेखांतहि पहिल्याचें 'म्रन्मा' हें जुनें रूप आढळतें. १९४८ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हांपासून त्याचें ब्रह्मी भाषेंतील सरकारी नांव 'म्यन्मा' हेंच होतें. म्हणजे १९८९ च्या कायद्यानें ब्रह्मी माणसाच्या तोंडचें देशाचें नांव तिळमात्र बदललें नाहीं. बदललें तें इंग्रजींत काय लिहावें एवढेंच.

मग त्या इंग्रजी फेरफाराची ताबेदारी मराठीनें कां पत्करावी? आणि ती तरी किती आंधळेपणानें! 'म्यानमार' या शब्दाच्या अखेरचा 'र' कोठून आला, याचा विचार आमच्या संपादकांनीं कधीं केला आहे काय? ब्रह्मी माणूस तो उच्चारीत नाहीं. इंग्लंडांतील शिष्ट उच्चारांत शब्दाच्या अखेरचा 'र' बोलला जात नाहीं. मागील स्वर लांबवावा, एवढीच त्याची खूण. इंग्रजी लिपीला अशा खुणा लागतात. देवनागरीला त्यांची गरज नाहीं. तिच्यांत 'म्यन्मा' हा शब्द बराचसा जसाच्या तसा लिहितां येतो. तरी आम्हीं तो खुणेचा 'र' खरा मानून घेतला व खणखणीत उच्चारूं लागलों. एका पूर्वेकडील शेजाऱ्याच्या स्वाभिमानाला मान द्यावयास निघालों आणि मान दिला तो इंग्रजी वर्णलेखनाला!

प्रत्येक जिवंत भाषा दूरदूरच्या देशांना आपल्या सोयीचीं नांवें देते. जर्मन लोक स्वतःच्या देशाला 'डॉइचलांट' म्हणतात, चिनी लोक 'चुंगक्वो' म्हणतात, जपानी लोक 'निप्पोन' म्हणतात. आपण जर्मनी, चीन, जपान म्हटल्यानें त्यांचा अपमान होत नाहीं. थीबॉ राजाचें राज्य १८८५ सालीं इंग्रजांनीं घेतलें आणि त्याला पुढें रत्नागिरीस आणून ठेविलें. तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला. रत्नागिरीकरांनीं त्याचा 'थिबा' केला. त्यांत तुच्छता नव्हती, तें जिभेला पडलेलें वळण होतें. लोकमान्यांनीं १९०८ ते १९१४ पर्यंत ज्या तुरुंगांत दिवस काढले व गीतारहस्य लिहिलें, त्या गांवाला महाराष्ट्र 'मंडाले' म्हणतो, तेंहि याच रीतीनें. उलट इंग्रजीच्या मागें लागून आम्हीं गमावलेंच अधिक. आमचे आजे-पणजे 'मिसर देश' म्हणत, आणि त्या देशाचे लोकहि आपल्या देशाला 'मिस्र' असेंच म्हणतात. तो शब्द टाकून आम्हीं 'इजिप्त' उचलला! इराणच्या सरकारानें १९३५ सालीं पाश्चात्त्यांना 'पर्शिया' सोडून 'इराण' म्हणण्यास सांगितलें; मराठी माणूस तर त्याच्या कितीतरी आधींपासून इराण आणि इराणी हेच शब्द वापरीत होता. तेव्हां 'ब्रह्मदेश' हा शब्द मराठीनें खुशाल ठेवावा.

येथें कोणी विचारील कीं, 'बाँबे' चें 'मुंबई' करा असा आग्रह १९९५ सालीं आपणच धरला ना? धरला, आणि योग्य केलें. आपल्या शहराच्या पाट्या, टपाल, दप्तर यांत इंग्रजींत काय लिहावें, हें त्या शहरानें व त्या राज्यानें ठरवावयाचें असतें. तसाच अधिकार ब्रह्मी सरकारालाहि आहे. आपल्या तिकिटांवर व पारपत्रांवर त्यानें हवें तें इंग्रजी नांव छापावें. परंतु त्या अधिकाराची हद्द मराठीच्या उंबरठ्यापर्यंत पोंचत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. 'बर्मा' म्हटलें कीं लोकशाहीचा पुरस्कार झाला, अशी यांची समजूत. पण ज्या आंग सान सू ची बाईंनीं वर्षानुवर्षें आग्रहानें 'बर्मा' म्हटलें, त्यांनींच अधिकारावर आल्यावर २०१६ सालीं परदेशी वकिलांना सांगितलें कीं, दोहोंपैकीं कोणतेंहि नांव चालेल. ज्या शब्दावर निष्ठेची कसोटी लावीत होतों, तो असा एका भाषणांत ऐच्छिक ठरला!

लष्करी सरकाराचा युक्तिवाद याहून मासलेवाईक होता. 'बमा' म्हणजे केवळ बहुसंख्य जमात. 'म्यानमार' म्हणजे देशांतील सर्व जमाती. म्हणून नवें नांव सर्वांना सामावून घेतें, असें त्यानें सांगितलें. गंमत अशी कीं, १९३० नंतरच्या दशकांत इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या 'दोबामा' संघाच्या तरुणांनीं नेमकें उलट सांगितलें होतें! त्यांच्या मतें 'म्यन्मा' हा शब्द एका जमातीपुरता आणि 'बमा' हा सर्वांचा. एकाच शब्दाच्या दोन रूपांतून ज्याला जें हवें तें काढतां येतें, यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, सर्वसमावेशकता शब्दांत नसते, राज्यकर्त्यांच्या वर्तनांत असते. तें वर्तन कसें होतें? ज्या झपाट्यांत 'बर्मा' गेलें, त्याच झपाट्यांत 'कारेन' लोकांचें 'कायिन' झालें. म्हणजे त्यांना ब्रह्मी लोक ज्या नांवानें हांक मारतात तें नांव जगानेंहि वापरावें, असें ठरलें. कारेनांना कोणीं विचारलें नाहीं. ज्यांना आपण शान म्हणतों ते स्वतःस 'ताइ' म्हणवितात. त्यांनाहि कोणीं विचारलें नाहीं. परकीयांनीं दिलेलें नांव पुसून टाकण्याच्या या थोर कार्यांत देशांतल्या देशांत परकी नांवें मात्र पक्कीं करण्यांत आलीं.

आणि आराकानांतील रोहिंग्यांचें तर नांवच उरूं दिलें नाहीं. हें नांव हल्लीं कोणीं बनविलें, असें म्हणणाऱ्यांनीं फ्रान्सिस ब्युकॅनन या वैद्यानें १७९९ सालीं प्रसिद्ध केलेला भाषाविषयक लेख पाहावा; आराकानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान स्वतःस 'रूइंगा' म्हणवितात, अशी नोंद त्यांत आहे. १९६१ पासून कांहीं वर्षें उत्तर आराकानांत खुद्द ब्रह्मी सरकारचा 'मयू सरहद्द' नांवाचा स्वतंत्र कारभार होता आणि त्या काळांत रंगूनच्या नभोवाणीवरून रोहिंग्या भाषेंत कार्यक्रमहि होत. पुढें १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें १८२३ पूर्वीं देशांत स्थायिक असलेल्या जमाती तेवढ्या मूळच्या मानल्या. सरकारनें १३५ जमातींची यादी केली, तींत रोहिंगे नाहींत. २०१४ सालच्या शिरगणतींत प्रत्येकास आपली जमात आपण सांगतां येईल असें आश्वासन होतें. गणतीच्या तोंडावर तें फिरविलें. स्वतःस 'बंगाली' म्हणवील त्याची नोंद होईल, 'रोहिंग्या' म्हणवील त्याची होणार नाहीं, असें ठरलें. सुमारें अकरा लक्ष माणसें गणतीबाहेर राहिलीं. २०१७ च्या ऑगस्टपासून लष्कराच्या अत्याचारांमुळें सात लक्षांहून अधिक रोहिंगे बांगलादेशांत पळून गेले. त्याच्या आदल्याच वर्षीं सू ची बाईंच्या सरकारनें 'रोहिंग्या' हा शब्द टाळावा असा सल्ला दिला होता! देशाच्या नांवाविषयीं एवढें औदार्य दाखविणाऱ्या बाईंना माणसांच्या नांवाविषयीं तें कां दाखवितां येऊं नये?

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो घेणारे सर्वच दुष्ट नाहींत. ते म्हणतात कीं, या लोकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज इंग्रजी अमदानींत चितगांवाकडून मजुरीसाठीं आले, आणि सर्वांनीं हें एक नांव धारण करणें ही अलीकडची राजकीय गोष्ट आहे. नांव मान्य केलें तर उद्यां मुलूखहि मागतील. हें सारें क्षणभर खरें धरलें तरी त्यांतून काय निघतें? नांव जुनें आहे कीं नवें, हें इतिहासकारांनीं ठरवावें. परंतु माणसानें तें घ्यावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार इतिहासकारांना नाहीं. मुलुखाचा हक्क नांवावरून सिद्ध होत नाहीं, तसा तो नांव नाकारल्यानें नष्टहि होत नाहीं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २३ जानेवारी १९२० नव्हे, २०२० रोजीं अंतरिम आदेश देतांना, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं नव्हे तर आमच्या डोळ्यांदेखत, हीच वाट धरली: जो समाज स्वतःस रोहिंग्या म्हणवितो, तो रोहिंग्या, असें मानून न्यायालय पुढें गेलें. फेब्रुवारी १९२१ नव्हे, २०२१ च्या लष्करी बंडानंतर त्या लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय ऐक्य सरकारनेंहि त्याच वर्षींच्या जून महिन्यांत हें नांव वापरून १९८२ चा कायदा बदलण्याचें वचन दिलें. बहुसंख्य ब्रह्मी समाजांतील पुढाऱ्यांना तें नांव उच्चारण्यासाठीं आधीं स्वतः लष्कराच्या टांचेखालीं यावें लागलें, ही दुःखाची गोष्ट आहे. पण उच्चारलें, हें महत्त्वाचें आहे.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. देशाचें नांव हें बोलणाऱ्याच्या भाषेचें असतें; माणसाचें नांव हें त्या माणसाचें असतें. पहिल्याच्या बाबतींत परकी सरकारच्या हुकमाची वाट पाहण्याचें मराठीला कारण नाहीं; दुसऱ्याच्या बाबतींत कोणत्याहि सरकारच्या हुकमानें मराठीनें बहकूं नये. या निर्वासितांना आश्रय द्यावा कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ज्याला जें द्यावयाचें तें त्यानें द्यावें. परंतु उत्तर देतांना त्यांना 'बंगाली' किंवा 'तथाकथित रोहिंग्या' म्हणणें म्हणजे निकाल लागण्यापूर्वींच शिक्षेची अंमलबजावणी करणें होय. आमच्या संपादकांनीं 'म्यानमार' चा तो उसना 'र' गिरवीत बसण्यापेक्षां या दुसऱ्या शब्दाकडे अधिक लक्ष पुरवावें, अशी आमची त्यांस विनंती आहे.