होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी

समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असताना फैजपूर-यावलच्या विद्यार्थ्यांनी नौकानयन कशासाठी शिकायचे, असे कोणीही विचारील. मालवण-अलिबागच्या मुलांनी ते शिकावे, आपण आपल्या केळीच्या बागा पाहाव्यात! माझे मत नेमके उलट आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी आहेत, त्याला होडीचे नियम बोलता-चालता समजतात. आपल्या घरी ते सांगणारे कोणी नाही. म्हणूनच आपल्याला ते शाळेत शिकवले पाहिजेत.

शिवाय पाणी आपल्यापासून दूर नाही. तापीवर हतनूरचे धरण आहे, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. सहलीला गेलेली मुले होडी दिसली की तिच्यात बसणारच. बसावेही, पण काय करीत आहोत हे समजून बसावे.

न समजण्याची किंमत मोठी असते. आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यात भूषा येथे, १५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी गर्दीने भरलेली होडी नर्मदेत उलटली आणि लहान मुलांसह काही जणांना प्राण गमवावे लागले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. ही दोन्ही ठिकाणे समुद्रापासून लांब आहेत, हे लक्षात घ्या.

आता यातले शास्त्र पाहू. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. तरंगणारी होडी स्वतःच्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते. माणसांसह एक हजार किलोग्रॅमची होडी धरणाच्या गोड्या पाण्यात एक हजार लिटर पाणी सारते. समुद्राचे पाणी जरा जड असल्याने तिथे तिला सुमारे ९७५ लिटर पुरतात. म्हणजे तीच होडी समुद्रापेक्षा हतनूरच्या पाण्यात थोडी अधिकच खोल बसेल! जादा माणसे घेतली की तिची कड पाण्याच्या आणखी जवळ येते आणि मग लहानशी लाटही आत शिरते. आत आलेले पाणी स्वस्थ बसत नाही. होडी ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलवते.

उभे राहू नका, असे नावाडी का ओरडतो? बसलेल्या माणसांमुळे होडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. होडी थोडी कलली, तरी पाण्याचे प्लावक बल तिला पुन्हा सरळ करते. माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो आणि सरळ करणारा हा परिणाम क्षीण होतो. त्यातच फोटोसाठी सगळे एका कडेला गेले, तर उलटायला वादळाचीही गरज नाही.

जीवरक्षक जाकिटाचेही असेच आहे. ५० न्यूटन प्लावक बलाचे जाकीट सुमारे पाच लिटर पाणी सारते. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याच्या घनतेइतकीच असल्यामुळे एवढा आधारही तोंड पाण्याबाहेर ठेवण्यास मोठे साहाय्य करतो. मात्र जाकीट अंगावर आणि बंद आवळलेले हवे. बाकाखाली ठेवलेल्या जाकिटाचा काही उपयोग नाही.

दुसरा भाग दिशेचा. समजा, नदीचे पात्र २०० मीटर रुंद आहे, प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर आणि होडीचा २ मीटर. होडीचे तोंड सरळ पैलतीराकडे धरले, तर १०० सेकंदांत तुम्ही पलीकडे पोचाल, पण १०० मीटर खाली वाहून जाल. बरोबर समोर उतरायचे असेल, तर तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ३० अंश वळवावे लागेल. मग सुमारे ११५ सेकंद लागतील. वहीवर हे सदिशांचे उदाहरण आहे. पाण्यावर तेच सुकाणू धरण्याचे शास्त्र आहे. समुद्रावर वाऱ्याच्या व भरतीच्या प्रवाहासाठीही हाच त्रिकोण काढतात.

स्थान शोधण्याची पहिली पायरी तर घराच्या गच्चीवर चढूनही करता येईल. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला खडा लटकवा आणि सरळ कडेवरून ध्रुव तारा पाहा. त्याची क्षितिजापासूनची उंची फैजपूरला सुमारे २१ अंश येईल, आणि तेच आपले अक्षांश. एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. तुमचे माप एका अंशाने चुकले, तर नकाशावर तुम्ही १११ किलोमीटर चुकलात! दर्यावर्दी लोक मोजमापात इतके काटेकोर का असतात, ते यावरून समजेल.

याच मोजमापाच्या आधारे माणसे जगभर फिरली आहेत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'सुहेली' या मुंबईत बांधलेल्या सागवानी बोटीतून. कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले.

'आता मोबाईलच स्थान दाखवतो, मग हे कशाला?' असे तुम्ही म्हणाल. मोबाईल जरूर वापरावा. पण त्याची बॅटरी संपते, तो पाण्यात पडतो आणि होडीत माणसे किती घ्यावीत हे तो सांगत नाही. एका साधनाने आलेले उत्तर दुसऱ्या साधनाने ताडून पाहणे हा प्रयोगशाळेतला नियम पाण्यावरही खरा आहे.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी सूचना अशी : होडीची सहल ठरली की आधी एक तास वर्गात द्यावा. बादलीत पत्र्याचा डबा तरंगवून त्यात खडे भरावेत. ते आधी तळाशी आणि मग वरच्या काठाजवळ ठेवून डबा कधी उलटतो, ते मुलांनीच नोंदवावे. निघताना आकाश पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर काळे ढग उंच चढू लागले, तर होडी काठालाच राहू द्यावी. कोठे जातो आणि केव्हा परततो, हे काठावरच्या कोणाला तरी सांगावे. वारा वाढलाच, तर लाटा बाजूने न घेता होडीचे तोंड लाटांकडे थोडे तिरपे धरतात, हे ठाऊक असावे. आणि होडी उलटलीच, तर पोहत काठ गाठण्याच्या भरीस न पडता तिला धरून राहावे; पालथी होडी बहुधा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना एकट्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते.

विद्यार्थिमित्रांनो, यातले बहुतेक सारे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. परीक्षेत त्याला दोन-चार गुण मिळतात. होडीत बसताना जाकिटे माणसांपेक्षा कमी दिसली, तर 'आम्ही पुढच्या खेपेला येतो' असे नावाड्याला सांगण्याचे धैर्य त्याच ज्ञानातून यावे, एवढीच अपेक्षा.