धावपटू मुलींचं रक्त कोण तपासणार?

मागच्या हिवाळ्यात अकोल्याजवळच्या एका गावातली विद्यार्थिनी वडिलांसोबत दवाखान्यात आली. ती ५००० मीटर धावायची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. मी नाडी, रक्तदाब, छाती तपासली आणि सही केली. दोन मिनिटांचं काम.

तीन आठवड्यांनी ती परत आली. "डॉक्टर, शेवटच्या चार फेऱ्यांत पाय उचलतच नाहीत." वडील म्हणाले, "घरी आली का नुसती झोपून राह्यते, साहेब. आम्हाले वाटलं, आळस करते."

हिमोग्लोबिन निघालं ९.१. ते किमान १२ हवं. सही करण्याआधी साधी रक्ततपासणी सांगायला हवी होती. चूक माझी होती.

आपल्या मुली कुठवर जाऊ शकतात हे आपण पाहिलंय. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत नाशिकच्या संजीवनी जाधवने १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. म्हणजे ट्रॅकच्या तब्बल २५ फेऱ्या. २०२५ मध्ये जर्मनीत सीमाने ५००० मीटरमध्ये आणि अंकिता ध्यानीने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणलं. तिथपर्यंतची वाट कॉलेजच्या मैदानातूनच सुरू होते. अमरावतीत तर १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, म्हणजे व्यायामाची परंपरा आपल्याला नवी नाही. कमी पडते ती तपासणी.

लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायूंना सतत प्राणवायू लागतो आणि तो पोहोचवतं हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर हृदय जोरात धडधडतं, दम लवकर लागतो, पाय जड होतात. अशा वेळी सराव वाढवून उपयोग नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. धावणाऱ्या मुलीला पाळीतून लोह जातंच. शिवाय जोरदार सरावानंतर काही तास आतड्यातून लोह कमी शोषलं जातं.

हिमोग्लोबिन घसरण्याआधी शरीरातला लोहाचा साठा संपतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून बरं असताना तपासावं.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. रक्तक्षयाचं कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरताच असेल असं नाही. म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊ नका. सिकलसेलचा नुसता वाहक असलेला खेळाडू अगदी निरोगी असतो, खेळूही शकतो. पण आपल्या उन्हाळ्यात, पाणी न पिता, एकदम जोराचा सराव केला तर तो क्वचित गंभीररीत्या कोसळू शकतो. त्याला मैदानाबाहेर काढू नका. सराव हळूहळू वाढवा, मध्ये विश्रांती द्या, पाणी द्या.

माझं स्पष्ट मत आहे: विद्यापीठ संघात निवड होण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि आयुष्यात एकदा सिकलसेलची तपासणी सक्तीची करावी. अहवाल खेळाडूकडे आणि डॉक्टरांकडेच राहावा. त्यावरून कोणाला वगळू नये. प्रोटीन पावडरच्या एका डब्यापेक्षा हा खर्च बहुधा कमीच असेल.

पालकांनो, घरी एवढं करा. जेवणासोबत चहा नको. त्याने लोह नीट शोषलं जात नाही. भाकरीसोबत पालेभाजी, उसळ असू द्या आणि वर लिंबू पिळा. चालत असेल तर अंडी, मटण द्या. गूळ आणि बीट खा, पण तेवढ्यावर रक्त भरून येत नाही. आणि मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा ती पुरेसं खात नसते, डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन उपचारांनी चार महिन्यांत १२.४ झालं. स्पर्धा मात्र हुकली होती. आता मी तपासणीशिवाय सही करत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही करू देऊ नका.