गेम आपल्या गावात, मग भाषा कुणाची?

आम्ही चौघं बेळगावचे विद्यार्थी एक मिश्र वास्तव गेम बनवतोय. टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी मोबाईल धरला की १९२४ च्या अधिवेशनाचा मंडप स्क्रीनवर उभा राहतो. गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं हे एकमेव अधिवेशन. बाकी तिघं कोडिंगवाले, मी राज्यशास्त्राचा. मजकूर आणि चाचणी माझ्याकडे.

चाचणीचा नियम साधा. मोबाईल खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसून बघायचं. कोऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला खुणा सापडत नाहीत, मंडप हलतो. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. ह्यावर उपाय निघतात. पण सातवीतलं पोरगं इंग्रजी सूचनेपाशी थांबून "आता काय करू दादा?" विचारतं, तेव्हा कमी कुणाची? त्याची नक्कीच नाही.

"गेमच आहे की, इंग्रजी चालतंय," असं बरेचजण म्हणतात. मला पटत नाही. पोकेमॉन गो मधली बरीच ठिकाणं आधीच्या इनग्रेस गेमच्या खेळाडूंनी सुचवलेली होती. जिथं खेळणारे नव्हते, तिथली ठिकाणंही कमीच आली. म्हणजे जो खेळतो, त्याचं गाव नकाशावर येतं. भाषेमुळे जो दारातच अडला, तो नकाशातूनही गेला.

म्हणून गेम बनवणाऱ्या मित्रांनो, चाचणी फक्त हॉस्टेलच्या दोस्तांवर उरकू नका. मराठी, कन्नड, उर्दू शाळांतली पोरं, बाजारातल्या मावशी, पेन्शनर आजोबा, सगळ्यांच्या हातात मोबाईल द्या. भाषा निवडायचं बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवा. नंतर जोडू म्हटलं की ते राहूनच जातं.